निर्जंतुक कार्यपद्धती (परिचर्या)

निर्जंतुक कार्यपद्धती ही परिचर्याशास्त्रातील एक मूलभूत शिस्त होय. रुग्णाच्या शरीरातील ज्या भागांत एरवी बाहेरच्या जंतूंना प्रवेश नसतो, त्या भागांशी संबंध येणारी प्रत्येक वस्तू जंतुमुक्त ठेवून काम करणे, असा तिचा अर्थ आहे. रक्तवाहिनी, मूत्राशय, शस्त्रक्रियेची जखम, बाळंतिणीचा जननमार्ग आणि नवजात बालकाची कापलेली नाळ ही अशा भागांची नेहमीची उदाहरणे आहेत. या शिस्तीत ढिलाई झाली की रुग्ण ज्या आजारासाठी दाखल झाला त्याव्यतिरिक्त दुसराच आजार घेऊन घरी जातो, किंवा घरी जातच नाही. अशा संसर्गाला रुग्णालयजन्य संसर्ग म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अहवालानुसार रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ जणांना, तर मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो आणि बाधितांपैकी सरासरी दहातील एक जण दगावतो.

महाराष्ट्रात या विषयाचा अभ्यास करताना अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथील प्रयोगाचा उल्लेख टाळता येत नाही. तेथे ही शिस्त शस्त्रक्रियागृहातून थेट खेड्यातील बाळंतिणीच्या खोलीत नेण्यात आली.

संकल्पना

स्वच्छ, जंतुनाशित आणि निर्जंतुक हे तीन शब्द बोलण्यात एकाच अर्थाने वापरले जातात. वैद्यकात त्यांचे अर्थ वेगळे आहेत. साबणपाण्याने धुतलेली वस्तू स्वच्छ असते. तिच्यावरील मळ आणि बरेचसे जंतू निघून गेलेले असतात. जंतुनाशक द्रव्यात ठेवलेल्या वस्तूवरील बहुतेक जंतू मेलेले असतात, पण काही जंतूंची बीजाणुरूपे टिकून राहतात. निर्जंतुक वस्तूवर बीजाणूंसह कोणताही सजीव जंतू उरलेला नसतो. 'थोडे निर्जंतुक' असा प्रकार नसतो.

बीजाणू म्हणजे काही जंतूंनी प्रतिकूल परिस्थितीत धारण केलेले कठीण कवचाचे रूप. धनुर्वाताचे जंतू (क्लॉस्ट्रिडियम टेटानी) या रूपात मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे राहतात. पाणी उकळून त्यात अवजारे वीस मिनिटे ठेवली तरी सर्व बीजाणू मरतीलच याची खात्री देता येत नाही. 'उकळले म्हणजे झाले' हा समज घराघरांत रुजलेला आहे. पिण्याच्या पाण्यापुरता तो उपयोगी आहे, शस्त्रक्रियेच्या कात्रीपुरता अपुरा आहे. याच कारणाने रुग्णालयात ऑटोक्लेव्ह वापरतात. या यंत्रात वाफ दाबाखाली कोंडून तिचे तापमान १२१ अंश सेल्सिअसपर्यंत नेले जाते. दर चौरस इंचास १५ पौंड इतका दाब ठेवून गुंडाळलेले साहित्य साधारण अर्धा तास त्यात ठेवतात. येथे जंतू मारण्याचे काम दाब करीत नाही. दाबामुळे वाफेला जे जास्त तापमान मिळते ते करते.

यंत्र चांगले असूनही फसगत होते, ती बहुधा हाताळणीतल्या बारीक गोष्टींत. गॉज आणि कापसाचे बोळे ज्या गोल धातूच्या डब्यात भरतात त्याला वॉर्डात ड्रम म्हणतात. या ड्रमच्या बाजूला छिद्रे असतात. ती आत घालताना उघडी आणि बाहेर काढताच बंद करावी लागतात. छिद्रे उघडायची राहिली, किंवा ड्रम ठासून भरला, तर आत हवा अडकते, वाफ मध्यापर्यंत पोहोचत नाही आणि कापूस बाहेरून गरम व आतून जंतूंसह बाहेर येतो. ड्रमवर चिकटवलेल्या पट्टीवरचे पट्टे काळे झाले म्हणजे आतील माल निर्जंतुक झाला, असे समजणेही चूक आहे. ती पट्टी केवळ बाहेरून उष्णता लागल्याचे सांगते. खरी परीक्षा उष्णतेला दाद न देणाऱ्या एका निरुपद्रवी जंतूचे बीजाणू यंत्रात ठेवून, ते नंतर वाढतात का हे पाहून होते. ग्रामीण भागात आणखी एक अडचण असते. चक्र चालू असताना वीज गेली, तर ती परत आल्यावर मोजणी उरलेल्या मिनिटांपासून नव्हे, पहिल्यापासून सुरू करावी लागते.

निर्जंतुक साहित्य हाती आल्यावर स्पर्शाचा नियम सुरू होतो. निर्जंतुक वस्तूला निर्जंतुक वस्तूच लागली तर ती तशीच राहते. दुसरे काहीही लागले, अगदी परिचारिकेच्या स्वच्छ धुतलेल्या बोटाचे टोक जरी लागले, तरी ती बाद होते. ज्यांनी घरात आजीचे सोवळे पाहिले आहे त्यांना हा नियम लगेच उमगतो. साम्य मात्र तेवढ्यापुरतेच. सोवळ्यात कोणाचा स्पर्श विटाळ मानायचा हे जन्मावरून ठरत असे. जंतूंना जात कळत नाही. शुचिर्भूत पुरोहिताच्या नखाखाली ते जितके असतात तितकेच इतर कोणाच्याही.

इतिहास

व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी दोन विभागांची तुलना केली. डॉक्टर व विद्यार्थी ज्या विभागात बाळंतपणे करीत तेथे सूतिकाज्वराने मरणाऱ्या स्त्रिया सुइणींच्या विभागापेक्षा कितीतरी अधिक होत्या. डॉक्टर शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट बाळंतिणींकडे येत, सुइणी येत नसत. सेमेलवाइस यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे करताच मृत्यू झपाट्याने घटले. तरीही त्यांचे म्हणणे त्यांच्या हयातीत बहुतेकांनी मानले नाही. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाचा शस्त्रक्रियेतील उपयोग प्रसिद्ध केला, आणि १८७९ मध्ये शार्ल शांबेरलां यांनी ऑटोक्लेव्ह तयार केला.

रबरी हातमोज्यांची कथा परिचारिकेपासूनच सुरू होते. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी साहाय्य करणाऱ्या कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांना पाऱ्याच्या जंतुनाशकाने पुरळ येई. म्हणून १८८९-९० च्या सुमारास विल्यम हॉलस्टेड या शल्यचिकित्सकाने तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करवून घेतले. मोजे आले ते परिचारिकेचे हात वाचवण्यासाठी; त्यांनी रुग्णही वाचतो, हे नंतर ध्यानात आले. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण आजही पुष्कळ ठिकाणी मोजे स्वतःच्या संरक्षणासाठी घातले जातात आणि एकाच मोज्यांनी पाच रुग्णांची कामे उरकली जातात. तसे झाले की मोजे जंतू वाहून नेण्याचे साधन बनतात.

भारतातील सर्वांत बोधप्रद प्रकरण मुंबईशी निगडित आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगवरील लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ही लस देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली आणि त्यांपैकी १९ जण काही दिवसांतच धनुर्वाताने मरण पावले. ते सर्व एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. त्या दिवशी वापरलेल्या इतर बाटल्यांमुळे कोणालाही अपाय झाला नाही. तरीही ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पद सोडावे लागले. पुढे उघड झाले की, बाटलीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हा विषय लावून धरल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव मिळाले.

लस कोट्यवधींना उपयोगी पडणारी, प्रयोगशाळा नामांकित, आणि एकोणीस जीव गेले ते मातीत पडलेल्या एका चिमट्याने. परिचर्येच्या वर्गात हे प्रकरण जितके शिकवले जायला हवे तितके शिकवले जात नाही.

संसर्गाचे मार्ग

रुग्णालयजन्य संसर्गांपैकी बहुतेक चार प्रकारांत मोडतात: लघवीच्या नळीमुळे होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तवाहिनीतील नळीमुळे होणारा रक्ताचा संसर्ग, कृत्रिम श्वसनयंत्रामुळे होणारा न्यूमोनिया आणि शस्त्रक्रियेच्या जखमेचा संसर्ग. चारही ठिकाणी शरीराचे नैसर्गिक कवच माणसाने मुद्दाम भेदलेले असते, आणि त्या छिद्राची राखण दिवसरात्र परिचारिकेकडे असते.

लघवीची नळी घालताना निर्जंतुक मोजे व साहित्य वापरले जाते. हा भाग बहुतेकांना येतो. गफलत होते ती नंतरच्या दिवसांत. पिशवी मूत्राशयापेक्षा खाली, परंतु जमिनीला न टेकता लटकती असावी लागते. रुग्णाला तपासणीसाठी हलवताना कोणीतरी ती त्याच्या पोटावर ठेवते आणि साचलेली लघवी उलट आत जाते. नळी व पिशवीचा सांधा कारण नसताना उघडला की बंद मार्ग उघडा होतो. सर्वांत साधा उपाय म्हणजे गरज संपताच नळी काढणे. पण नळी असली की चादरी ओल्या होत नाहीत आणि रुग्णाला उठवावे लागत नाही, म्हणून ती राहून जाते. प्रत्येक जादा दिवसागणिक संसर्गाची शक्यता वाढत जाते.

सलाईनच्या सुईबाबतही तसेच. औषध टोचण्यापूर्वी नळीचे तोंड अल्कोहोलच्या बोळ्याने काही सेकंद घासून कोरडे होऊ द्यावे लागते. नुसता बोळा फिरवून उपयोग नाही, कारण अल्कोहोलला काम करण्यास वेळ लागतो. सुईच्या जागी लाली, सूज किंवा ठणका दिसताच ती काढावी लागते. अनेक मात्रांची कुपी हा आणखी एक धोका आहे. तिच्या रबरी बुचात एक सुई कायम रोवून ठेवली की प्रत्येक वेळी नवी सुई टोचण्याचे श्रम वाचतात, आणि कुपीत जंतूंना दिवसभर उघडी वाट मिळते. एका रुग्णाला वापरलेली सिरिंज, सुई बदलून का होईना, पुन्हा त्याच कुपीत घातली तर त्या कुपीतून पुढे औषध घेणाऱ्या प्रत्येकापर्यंत कावीळ ब, कावीळ क किंवा एचआयव्ही पोहोचू शकतो. गुजरातमधील मोडासा येथे २००९ च्या सुरुवातीला कावीळ ब ची मोठी साथ पसरली आणि अनेक रुग्ण दगावले. पुन्हा वापरलेल्या सिरिंजा हे तिचे मूळ होते.

ड्रेसिंगच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा असतो. आधी स्वच्छ जखमा, शेवटी पू असलेल्या, हा जुना नियम आहे. ड्रममधून गॉज काढण्यासाठी जो लांब चिमटा वापरतात त्याला वॉर्डात चीटल फोर्सेप्स म्हणतात. तो पूर्वी जंतुनाशक द्रवाच्या उभ्या भांड्यात बुडवून ठेवीत. तो द्रव दिवसचे दिवस बदलला गेला नाही तर त्यातच जंतू वाढतात. सूडोमोनाससारखे काही जंतू तर पातळ केलेल्या जंतुनाशकातही सुखाने राहतात, हे वाचकाला आश्चर्याचे वाटेल. म्हणून आता हा चिमटा कोऱ्या निर्जंतुक भांड्यात कोरडा ठेवून ठराविक वेळाने बदलण्याची पद्धत आहे. बाटलीत उरलेल्या जंतुनाशकात नवे ओतून भर घालणेही याच कारणाने वर्ज्य आहे.

हात हे या सर्व मार्गांचे नाके होत. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगितले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृतीपूर्वी, शरीरद्रवांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या परिसरातील वस्तूंना हात लावल्यानंतर. अल्कोहोलयुक्त द्रवाने २० ते ३० सेकंद आणि साबणपाण्याने ४० ते ६० सेकंद लागतात. अंगठी, बांगड्या आणि वाढलेली नखे यांच्याखाली जंतू राहतात. बांगड्या उतरवण्याचा प्रश्न आपल्याकडे केवळ आरोग्याचा नसतो, आणि प्रशिक्षण देणाऱ्यांनी तो हलक्या हाताने सोडवणेच बरे.

जामखेड आणि नवजात धनुर्वात

निर्जंतुक साधनांच्या अभावाने होणाऱ्या मृत्यूंचे सर्वांत उघड उदाहरण म्हणजे नवजात बालकांचा धनुर्वात. नाळ कापण्यासाठी विळा किंवा जुने पाते वापरणे आणि कापलेल्या टोकाला राख किंवा शेण लावणे या प्रथा ग्रामीण भारतात अनेक ठिकाणी होत्या. त्यांतून बीजाणू थेट बालकाच्या शरीरात जात. चांगले पिणारे बाळ एकाएकी दूध ओढेनासे होते, जबडा आवळला जातो, आणि नुसत्या स्पर्शाने किंवा उजेडाने झटके येऊ लागतात. उपचार न मिळाल्यास जवळपास सर्वच बालके दगावतात. लक्षणे सामान्यतः जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान दिसतात. सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री येऊन बाळाचे विधिलिखित लिहिते, अशी महाराष्ट्रात लोकसमजूत आहे. नेमक्या त्याच दिवसांच्या आसपास बाळ गेले, तर घरातली मंडळी विळ्याचा विचार करण्याऐवजी कपाळीच्या लेखाचा विचार करणार, हे समजण्यासारखे आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीसही भारतात दरवर्षी दीड लाखाच्या आसपास बालके या आजाराने मरत असल्याचा अंदाज होता.

डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) आणि डॉ. मेबल आरोळे (१९३५–१९९९) हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले दांपत्य. रजनीकांत हे याच जिल्ह्यातील सुपे गावचे. शिक्षणानंतर दोघांनी जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. बरे करून पाठवलेले रुग्ण तोच आजार घेऊन पुन्हा येतात आणि बहुतांश आजार टाळता येण्याजोगे आहेत, हे तेथे त्यांच्या लक्षात आले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. जामखेड हा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, पाऊस कमी असलेला तालुका.

खेड्यांत सहायक परिचारिका प्रसविका नेमण्याचा पहिला प्रयत्न फारसा यशस्वी झाला नाही. बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकेला गावात एकटीने राहणे कठीण जाई आणि गावही तिला आपली मानत नसे. तेव्हा गावाने आपल्यातीलच एक स्त्री निवडावी आणि तिला प्रकल्पाने शिकवावे, अशी पद्धत सुरू झाली. निवडलेल्या स्त्रियांपैकी बऱ्याच जणी निरक्षर होत्या आणि कित्येक दलित समाजातील होत्या. त्या नियमितपणे जामखेडला येत, शिकत आणि गावात परत जाऊन काम करीत. त्यांनी जी कामे शिकून घेतली त्यांत सुरक्षित बाळंतपण हे एक प्रमुख काम होते.

त्यांच्या कामातील निर्जंतुकतेचा भाग पाहता तो थोडक्यात मांडता येतो, पण पाळायला सोपा नाही. हात साबणाने धुणे, बाळंतपणाची जागा स्वच्छ ठेवणे, नवे पाते, नाळ बांधण्यास स्वच्छ दोरा आणि नाळेला काहीही न लावणे, अशा या 'पाच स्वच्छता' होत. पुढे देशभर दाईंच्या प्रशिक्षणात आणि १९९२ मध्ये सुरू झालेल्या बालजीवित्व व सुरक्षित मातृत्व कार्यक्रमात हेच सूत्र व तयार बाळंतपण-संच वापरले गेले. यातील पाचवी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती काही करण्याची नसून न करण्याची आहे. सासूबाई पिढ्यान्‌पिढ्यांची राख हातात घेऊन उभ्या असताना 'काही लावू नका' असे म्हणायला पदवीपेक्षा गावातील विश्वास अधिक लागतो. ज्या स्त्रीच्या स्पर्शाचा पूर्वी विटाळ मानला जाई, तिच्याच हाती नव्या जिवाची नाळ सोपवण्यापर्यंत अनेक घरे आली. जामखेडच्या प्रयोगाचे हे सामाजिक अंग आकडेवारीत दिसत नाही.

आकडेवारीही बोलकी आहे. प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत मरत. १९९० च्या दशकात हे प्रमाण ३० च्या खाली आले होते. याचे सारे श्रेय स्वच्छ पात्याला देणे अर्थातच योग्य नाही. गरोदर मातांना धनुर्वातविरोधी लस, पोषण, पिण्याचे पाणी, जुलाबांवर साखर-मिठाचे पाणी, मुलींच्या लग्नाचे वय या सर्वांचा त्यात वाटा आहे. लस दिलेल्या मातेकडून प्रतिपिंडे बालकाला मिळतात, त्यामुळे नाळेची काळजी चुकली तरी एक दुसरी भिंत उभी राहते. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

विदर्भात गडचिरोली येथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हीच दिशा पुढे नेली. तेथील प्रशिक्षित ग्रामीण आरोग्यसेविकांनी घरी जाऊन नवजात बालकांतील जंतुसंसर्ग ओळखला आणि जेंटामायसिनची इंजेक्शने दिली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. मातीच्या घरात, कंदिलाच्या उजेडात इंजेक्शन सुरक्षितपणे देता येते, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे हीच कल्पना आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींच्या रूपाने राष्ट्रीय कार्यक्रमात आली.

भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे दूरीकरण झाल्याचे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, असा या दूरीकरणाचा अर्थ आहे. देवीच्या रोगासारखे त्याचे उच्चाटन मात्र होऊ शकत नाही, कारण बीजाणू मातीत राहणारच.

घरातून रुग्णालयाकडे

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आल्यानंतर बाळंतपणे घराऐवजी रुग्णालयांत होऊ लागली. विळ्याचा धोका गेला, पण धोक्याची जागाही बदलली. घरात एका बाळंतिणीचे जंतू तिच्यापुरते राहत. प्रसूतिगृहात एकाच टेबलावर दिवसभरात अनेक स्त्रिया येतात. नवजात शिशू दक्षता कक्षात अशक्त, कमी वजनाची बालके शेजारी-शेजारी असतात आणि एकाच परिचारिकेचे हात सर्वांना लागतात. येथे आढळणारे जंतू मातीतले नसून रुग्णालयातलेच असतात: क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्टॅफिलोकॉकस. वर्षानुवर्षे प्रतिजैविकांच्या सहवासात राहिल्याने त्यांपैकी अनेक जंतू औषधांना दाद देत नाहीत. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०१० मध्येच, कार्बापेनेम या राखीव समजल्या जाणाऱ्या औषधांनाही निष्प्रभ करणारे एनडीएम-१ हे विकर असलेल्या जंतूंविषयी इशारा दिला होता. जेथे औषध चालत नाही तेथे हात धुणे हेच औषध उरते.

बाळंतिणीच्या टाक्यांचाही विचार करावा लागतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी, जामखेड, शेवगाव या भागांतून अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात. सिझेरियननंतर काही आठवड्यांत कोपीवर परतलेल्या स्त्रीची जखम पाहायला कोणी नसते. पुरेसे पाणीही नसते. तिचा संसर्ग ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथील नोंदवहीत कधीच येत नाही. रुग्णालयजन्य संसर्गाचे अधिकृत आकडे वाचताना हे विसरता येत नाही.

मनुष्यबळ आणि जबाबदारी

संसर्ग झाला की बोट बहुधा परिचारिकेकडे दाखवले जाते. ते काही वेळा बरोबरही असते. परंतु भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक. प्रत्यक्षात एका पाळीत तीस-चाळीस रुग्ण सांभाळणारी परिचारिका सरकारी रुग्णालयांत अपवादात्मक नाही. साधे गणित करून पाहावे. तीस रुग्ण, प्रत्येकाशी पाळीत चार वेळा संपर्क, प्रत्येक संपर्काच्या आधी व नंतर २० सेकंद हात चोळणे, एवढ्याचेच ८० मिनिटे होतात. आठ तासांच्या पाळीतील एक तास वीस मिनिटे केवळ हात स्वच्छ करण्यात घालवण्याची मुभा तिला कोण देतो, हा प्रश्न विचारल्याशिवाय निष्काळजीपणाचा आरोप पुरा होत नाही. वाहते पाणी, कोपराने उघडणारा नळ, खाटेजवळ अल्कोहोलची बाटली आणि वेळेवर येणारे मोजे यांची व्यवस्था करणे परिचारिकेच्या हातात नसते. ते प्रशासनाचे काम आहे.

महाराष्ट्राच्या शासकीय सेवेत अधिपरिचारिका प्रत्यक्ष परिचर्या करते, परिसेविका वॉर्डाची देखरेख पाहते आणि अधिसेविका संपूर्ण परिचर्या विभागाची प्रमुख असते. मोठ्या रुग्णालयांत संसर्ग नियंत्रण परिचारिका असे स्वतंत्र पद असते. ती वॉर्डांत फिरून नळ्या किती दिवस राहिल्या, कोणत्या जखमा चिघळल्या, याची नोंद ठेवते. तिचा उपयोग तिच्या नोंदी वाचल्या जातात की नाही यावर अवलंबून असतो. वॉर्डातील स्वच्छता करणाऱ्या मावशी आणि वॉर्डबॉय यांचे प्रशिक्षण मात्र बहुधा राहून जाते. फरशीवर सांडलेल्या रक्तावर एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट ओतून काही मिनिटे थांबायचे आणि मगच पुसायचे, हे ज्याला करायचे त्यालाच सांगितलेले नसते.

नियम आणि मानके

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार रुग्णालयातील कचरा चार रंगांत वेगळा करावा लागतो. रक्ताने माखलेले बोळे आणि मानवी ऊती पिवळ्या पिशवीत. नळ्या, मोजे, सुई काढलेल्या सिरिंजा असा प्लास्टिकचा माल लाल पिशवीत. सुया व पाती न भेदता येणाऱ्या पांढऱ्या डब्यात. काच निळ्या खुणेच्या खोक्यात. वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा लावू नये, कारण सुई बोटात घुसण्याचे प्रसंग बहुधा त्याच क्षणी घडतात. केंद्र शासनाने २०१५ मध्ये 'कायाकल्प' आणि २०१७ मध्ये प्रसूतिगृहांसाठी 'लक्ष्य' हे उपक्रम सुरू केले. संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली.

रुग्ण व नातेवाइकांनाही काही गोष्टी विचारता येतात. सिरिंजचे पाकीट आपल्यासमोर फोडावे, ड्रेसिंगपूर्वी हात धुवावेत, लघवीची नळी अजून आवश्यक आहे का ते सांगावे, असे म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे. आपल्याकडे सिस्टरला असे विचारणे उद्धटपणाचे मानले जाते. भेटीस येणाऱ्यांनी रुग्णाच्या खाटेवर बसणे, एका रुग्णाला फळे भरवून लगेच शेजारच्या बाळाला उचलून घेणे, सलाईनची बाटली संपली म्हणून स्वतःच नळी काढणे या गोष्टीही संसर्गाच्या मार्गांतच मोडतात.